बुटक्याची बारी

शहबाज मास्तर गणिताचा माणूस, भुताखेतांना हसणारा. २००३च्या पावसाळ्यात पर्लकोटा नदीला पूर आला, भामरागडचा रस्ता तुटला, तेव्हा वेळ घालवायला त्यानं नागपूरच्या होस्टेलात शिकलेला खेळ काढला. एकेकानं एकेक सोंग घ्यायचं, फासे टाकायचे आणि मास्तर सांगेल त्या गुहांतून बसल्या जागी हिंडायचं.

नर्स दुर्गाबाईनं जादूगारीण घेतली, वनरक्षक पवननं तलवारवाला. बुटक्याचं सोंग कोणालाच नको. बळी तो कान पिळी, मग खेळात तरी दुबळं कोण होईल? बुटक्याचं काम काय, तर अरुंद बिळात पहिलं घुसायचं आणि बहुधा पहिलं मरायचं!

शाळेचा शिपाई लच्छू म्हणाला, "मले बुटकाच द्या, सर."

चार रविवार दुपारी खेळ रंगला. बीळ आलं की पवन ओरडायचा, "धाडा बुटक्याले!" सगळे हसायचे. लच्छू कधीच हसला नाही.

पाचव्या रविवारी त्यानं विचारलं, "बारक्यालेच काऊन धाडता?"

"मावते म्हणून," पवन म्हणाला.

"मीबी तेच म्हटलो होतो."

सायाळीच्या मागे त्यानं आठ वर्षांच्या धाकट्या भावाला, दसरूला, बिळात घातलं होतं. त्याला तीस वर्षं झाली. दसरू बाहेर आलाच नाही.



"सर, आतल्याले बाहेर काढता येते काय?"

त्याची समजूत पटावी म्हणून मास्तरनं जागच्या जागी नियम ठोकून दिला, "येते ना. पन त्याच्या जागी दुसऱ्यानं आत राह्यलं पायजे."

"चालते."

लच्छूनं खिशातून चिमूटभर तांदूळ काढून खेळाच्या नकाशावरच्या बिळापाशी ठेवले, जंगलात शिरताना त्याचा बाप ठेवायचा तसे. मग फासा टाकला. सहा.

पुढचं मास्तरनं सांगायचं, पण सांगू लागला लच्छूच. ओली लाल माती. सायाळीचा काटा. डावीकडे वळण.

नकाशात वळण नव्हतं.

"भेटला," तो म्हणाला आणि फासा मुठीत घेऊन घरी गेला.

सोमवारी शाळेची घंटा वाजली नाही. मास्तर त्याच्या घरी गेला. लच्छू एकटाच राहायचा.

उंबऱ्यावर आठेक वर्षांचं पोर बसलं होतं. अंगात लच्छूचा खाकी शर्ट, पार घोट्यापर्यंत. केसांत वाळलेली लाल माती.

त्यानं मूठ उघडून फासा पुढे केला.

"सर, दादाची बारी अजून सरली नाई काय?"