मनीचा उजवा डोळा

त्या कारखान्यात धोतऱ्याच्या पानांतून ॲट्रोपिन काढत. डोळे तपासताना बाहुली मोठी करणारं, मंदावलेलं हृदय पुन्हा चालतं करणारं औषध. पण कमीजास्त झालं की जिवावर बेतायचं. म्हणून यंत्रं काहीही सांगोत, जुना नियम कायम होता. प्रत्येक बॅचचा एक थेंब मांजरीच्या उजव्या डोळ्यात घालायचा, अर्ध्या तासाने बाहुली रुंदावली तरच बॅच पास.

हे काम बावीस वर्षं ताईंकडे. मांजरी बदलल्या, नाव मनीच राहिलं. आताची मनी तर ताईंच्या मांडीवर अशा तोऱ्यात बसायची, जणू सही तिलाच करायची आहे.

एका शुक्रवारी बस चुकेल म्हणून ताईंनी थेंब घातलाच नाही. वहीत मात्र ठोकून दिलं, 'बाहुली मोठी.' कोण बघतंय?

पाच आठवड्यांनी त्यांच्या थोरल्या भावाची नाडी मंदावली. दवाखान्यात डॉक्टरांनी एक इंजेक्शन दिलं, दुसरं दिलं, तिसरं दिलं. नाडी काही वर येईना. दादा गेले. ट्रेमधल्या रिकाम्या कुपीवरचा नंबर ताईंनी वाचला. त्याच शुक्रवारची बॅच.

वहिनी गळ्यात पडून म्हणाल्या, "तुमच्याच कारखान्याचं औषध होतं हो, वन्सं. तेवढंच समाधान."



तेरावं उरकून ताई कामावर परतल्या तेव्हा मनी खिडकीत उन्हात बसली होती. डावी बाहुली रेघेएवढी. उजवी मात्र पूर्ण काळी.

"हिला थेंब कुणी घातला?"

"कोण घालणार? तुम्ही रजेवर," झाडूवाल्या मावशी म्हणाल्या. "तुमचे दादा गेले त्या दिवसापासून हे असंच आहे बघा."

थेंबाचा असर चार दिवसांत ओसरतो. हा ओसरेना. ताई जिथे जातील तिथे तो डोळा वळे.

गोदामात त्या बॅचची अजून चाळीस खोकी उरली होती, उद्या रवाना होणार होती. सांगावं तर वहिनींना तोंड कसं दाखवायचं? न सांगावं तर आणखी कुणाचा तरी दादा. दुपारी ताई साहेबांसमोर उभ्या राहिल्या आणि सगळं ओकून मोकळ्या झाल्या.

साहेबांनी एक कुपी फोडून मनीच्या डाव्या डोळ्यात थेंब घातला. अर्धा तास गेला. डावी बाहुली रेघच राहिली.

"नुसतं पाणी आहे," साहेब म्हणाले. "खोकी थांबवतो."

तशी उजवी बाहुली आकसू लागली. बघता बघता तिचीही रेघ झाली. ताईंना रडू कोसळलं.

साहेबांनी वहीतली नोंद खोडली. मग मागची पानं चाळत विचारलं, "खोटी एवढी एकच ना, ताई?"

तीन वर्षांपूर्वी मनी दोन दिवस बेपत्ता होती. त्या दोन दिवसांत ताईंनी चार बॅच पास केल्या होत्या. ती खोकी केव्हाच लोकांच्या अंगात गेली होती.

"एकच," ताई म्हणाल्या.

मनीने मान वर केली.

तिच्या तोंडावर लख्ख ऊन होतं. आणि त्या उन्हात तिच्या दोन्ही बाहुल्या सावकाश मोठ्या होऊ लागल्या.