थांबलेली बाई

पडद्यावर तीन ठोके उमटत होते. दोन ठळक, तिसरा बारीक, पण लयीत कुठेही कमी नाही. मिरजेच्या मातृवेध केंद्रात ओवी तोडकर डोळे मिटून पडली होती आणि तिच्या पोटावरचा गर्भपट्टा तिन्ही बाळांची खबर यंत्राला देत होता. पट्टा साडीच्या काठाएवढा रुंद आणि तितकाच मऊ. बाळांची वाढ, रक्तप्रवाह, हालचाल असे सगळे तो टिपायचा, आणि त्यावरून पुढच्या महिन्यांचे भाकीत करणाऱ्या प्रणालीचे नाव होते गर्भवेध.

गर्भवेधचा राज्यभर दबदबा होता. जुळ्यांत कोणाला रक्त कमी पडेल, कोणाला लवकर बाहेर काढावे लागेल, हे तो आधीच सांगे आणि बहुधा ते खरे ठरे. डॉक्टरांकडे उरले होते ते त्याचे म्हणणे माणसांच्या भाषेत सांगण्याचे काम. डॉ. मेघना आवटी ते फार हळुवारपणे करीत.

"तिघांना रक्त पुरवणारी वार वेगवेगळी आहे, ही चांगली गोष्ट," त्या म्हणाल्या. "पण तिसरं बाळ मागे पडलंय. ते जन्मापर्यंत टिकण्याची शक्यता शंभरात तीन आहे. त्याच्यापायी बाकीच्या दोघांनाही धोका होऊ शकतो. म्हणून आम्ही गर्भविरलन सुचवतो. तिसऱ्याला आत्ताच थांबवायचं, म्हणजे दोघं नीट वाढतात."

ओवीचा नवरा ऋतुराज भिंतीला टेकून उभा होता. तो द्राक्षांच्या शीतगृहात कामाला होता आणि आकड्यांवर त्याचा विश्वास होता. "दोघं तर दोघं," तो हळूच म्हणाला. "नीट असली म्हणजे झालं."

ओवी उठून बसली. द्राक्षबागांवर फवारणी करणाऱ्या उडत्या यंत्रांची दुरुस्ती हा तिचा धंदा. रडणे तिला जमत नसे, म्हणून ती पदराचे टोक बोटाला गुंडाळत राहिली.

"मॅडम, एक करा की. माझ्यासारखी एखादी बाई दाखवा, जिनं तिघंही ठेवली. तिचं काय व्हायचं ते झालं असंल. पण तिच्या तोंडून ऐकते, दोन शब्द बोलते. मग तुम्ही म्हणाल तसं."

ही आपल्याकडची जुनीच रीत. लोणचे घालायचे असो की बाळंतपण, आधी जिने केले आहे तिला गाठायचे. मेघनाताई लगेच कबूल झाल्या. खरे तर त्यांच्या मनात होते की, विरलन न करता थांबून पस्तावलेल्या बाईशी बोलली की ही आपोआप तयार होईल.

अशी बाई मात्र सापडेना. त्यांनी केंद्रातल्या जुन्या सहकाऱ्यांना विचारले. मग सोलापूर, नाशिक, नागपूर अशा सगळीकडच्या ओळखीच्या डॉक्टरांना फोन लावले. प्रत्येकाने थोडा विचार करून तेच सांगितले, "आमच्याकडे कुणी थांबलंच नाही. तिसरं मागे पडलं की आपण विरलन करतोच ना." शेवटचा फोन ठेवला आणि मेघनाताई उठून जिना चढल्या.

गर्भवेध घडवणारे गणिती निरंजन उपाध्ये वरच्या मजल्यावर बसत. चहाचा कप पुढे सरकवत त्यांनी विचारले, "काय, आज इकडं कशी वाट चुकलीस?"

"शंभरात तीन हा आकडा कुठून आला, ते सांग."

"असं बघ, शून्य आणि शंभर हे दोन आकडे उच्चारायचे नाहीत अशी शिस्त मीच त्याला लावलीय. जगात काहीच इतकं पक्कं नसतं. त्यामुळं तो तीनच्या खाली जात नाही आणि सत्त्याण्णवच्या वर चढत नाही. तीन म्हणजे त्याच्या भाषेत शून्यच."

"म्हणजे एकही टिकलं नाही. पण ही माहिती कधीची? तीस वर्षांपूर्वी तर अशी बाळं जन्मत होती."

"ती जुनी माहिती टाकून दिली. तेव्हाच्या काचेच्या पेट्या वेगळ्या, औषधं वेगळी. सुरुवातीला गर्भवेध तुम्हा डॉक्टरांच्या मतावर चालला. मग निकाल येत गेले तसा स्वतःच शिकला. प्रत्येक गर्भापुढे दोन खाने असतात. जन्मला, किंवा जन्मला नाही."

"ज्या बायका विरलनाला नाही म्हणाल्या, त्यांचं काय?"

"त्या परत आल्याच नाहीत, कुठं गेल्या ते ठाऊक नाही. निकाल आपल्यापर्यंत आला नाही, म्हणून त्या हिशेबातच नाहीत."

मेघनाताईंनी कप खाली ठेवला. "आणि ज्या बाळाचं आपण विरलन केलं, ते कोणत्या खान्यात?"

"जन्मला नाही, या..." उपाध्ये बोलता बोलता थांबले. त्यांचा चेहरा उतरला.

"तिसरं टिकत नाही, हे आपणच त्याला शिकवलं, निरंजन," मेघनाताई म्हणाल्या. "आपण थांबवत गेलो आणि तो मोजत गेला. तो सांगतो म्हणून आपण करतो, आणि आपण करतो म्हणून तो सांगतो."

त्यांना स्वतःच्या हातून झालेली विरलने आठवू लागली. त्यातली काही बाळे खरोखरच टिकली नसती. काही टिकली असती. कोणती, हे आता कधीच कळणार नव्हते, आणि याचे त्यांना फार वाईट वाटले.

उपाध्ये माणूस सरळ होता. त्याच दिवशी त्यांनी थांबवलेल्या सगळ्या बाळांना 'जन्मला नाही' या खान्यातून बाहेर काढले. तिसऱ्या बाळापुढचा आकडा नाहीसा झाला. त्या जागी दोनच शब्द उरले, 'अंदाज नाही'.

मेघनाताईंनी ओवीपासून काही लपवले नाही. शेवटी म्हणाल्या, "तुला भेटवायला अशी बाई माझ्याकडे नाही."

"म्हणजे तिसरं वाचंल?" ऋतुराजने विचारले.

"माहीत नाही. धोका आहे, आणि तो खराच आहे. तिघांना आहे, ओवीलाही आहे. फक्त किती, हे मला सांगता येत नाही."

हातातली दोन पक्की सोडून तिसऱ्याच्या मागे लागायचे, हे ऋतुराजला पटत नव्हते, आणि तसे म्हणवतही नव्हते. ओवीने पोटावर हात ठेवला.

"भीती वाटतीय मला, खोटं कशाला बोलू," ती म्हणाली. "जायचं असंल तर ते जाईल. पण मी कशाला घालवू? अशी बाई नाही ना मिळाली? मग मीच होते ती."

पुढचे महिने सोपे गेले नाहीत. ओवीच्या पायांना सूज आली, दम लागू लागला, झोप उडाली. दर तपासणीला मेघनाताई पडद्याकडे बघत आणि तिसऱ्याच्या जागी तेच दोन शब्द दिसत. मग त्या स्वतः पोटाला हात लावत, सोनोग्राफी पुन्हा करत, चार जणांना विचारत. इतक्या वर्षांत त्यांना पहिल्यांदाच पेशंटएवढी काळजी वाटत होती.

बाळे दिवस भरण्याआधीच आली. दोन मुलगे मोठ्याने रडले. तिसरी मुलगी रडायला जरा वेळ लावून शेवटी रडली आणि थेट काचेच्या पेटीत गेली. भाऊ घरी गेले तरी ती तिथेच होती, आणि ओवीचा जीव टांगणीला. एके दिवशी तीही घरी गेली. उपाध्येंनी स्वतः खाली येऊन तिच्यापुढे 'जन्मला' हा खाना भरला.

काही दिवसांनी जतहून रेवती नावाची पहिलटकरीण सासूबरोबर आली. पोटात तिघे, तिसरे मागे पडलेले. मेघनाताईंनी गर्भपट्टा बांधला आणि सवयीने पडद्याकडे पाहिले. तिथे 'अंदाज नाही' नव्हते.

तिसरे बाळ टिकण्याची शक्यता : शंभरात सत्त्याण्णव.

सासूबाईंनी तो आकडा वाचला आणि हात जोडले. "मग काळजीच मिटली की वो."

मेघनाताईंच्या लगेच ध्यानात आले. मागे पडलेली बाकी सगळी बाळे हिशेबातून गेल्यावर एकच उरले होते, आणि ते जगले होते. यंत्राने पूर्वीइतक्याच ठामपणे, पूर्वीइतक्याच सभ्यपणे उत्तर दिले होते. त्यांनी पडदा बंद केला.

"हा आकडा चुकीचा आहे का?" रेवतीने घाबरून विचारले.

"त्याच्यामागे एकच मुलगी आहे," मेघनाताई म्हणाल्या आणि त्यांनी फोन लावला. "ओवी, एक बाई आलीय. तिला तुझ्याशी दोन शब्द बोलायचेत."

पलीकडे दोन बाळे एका सुरात रडत होती. "द्या की तिच्याकडं," ओवी म्हणाली. "धाकटीला मांडीवर घेऊनच बसलीय मी."

रेवतीने फोन कानाला लावला.

"ताई, घाबरू नका," ओवी म्हणाली. "पण माझ्या एकटीचं ऐकून ठरवूही नका. अजून मी एकटीच हाय. आता विचारा, काय विचारायचं ते."