वेळणेवाडीची श्वास घेणारी बॅटरी

काटा सांगत होता की बॅटरी पूर्ण भरली आहे. तरी वेळणेवाडीत एकही दिवा लागत नव्हता.

संध्याकाळचे साडेसहा वाजले होते. विजेवर चालणाऱ्या अकरा होड्या चार्जिंगसाठी किनाऱ्याला लावून ठेवल्या होत्या. बॅटरीघरासमोर खुर्च्यांवर शेजारच्या सात गावांचे सरपंच बसले होते. आपल्या गावात अशी बॅटरी घ्यायची की नाही, हे ते आज पाहून ठरवणार होते.

ही बॅटरी दहा वर्षांच्या जुई तांडेलच्या आजोबांनी बनवली होती. ते शास्त्रज्ञ होते. पण गावाला ती पटवून दिली जुईच्या द्वारका आजीने. बॅटरी पेट घेईल या भीतीने सगळे नको म्हणत होते, तेव्हा आजी वर्षभर घरोघर फिरली. ज्याने जे विचारलं त्याला उत्तर दिलं. शेवटी ग्रामसभेत सगळे हात वर झाले. बॅटरी सुरू झाली त्या दिवशी मात्र आजी नव्हती. आषाढातच ती गेली.

"भास्करभाऊ, तुमच्या बॅटरीला पण नवरात्राचे उपास आहेत काय?" अनंतराव सरपंचांनी विचारलं. सगळे हसले.

आजोबा हसले नाहीत. ते जुईला हळूच म्हणाले, "आज दिवे लागले नाहीत, तर सातही गावं नाही म्हणतील. तुझ्या आजीने जे मिळवलं, ते आपल्याच गावात संपेल."

"आजोबा, पहिल्यापासून बघूया," जुई म्हणाली. "आत लोखंडाच्या पट्ट्या आहेत. लोखंडाला हवेतला प्राणवायू (आपण श्वास घेतो तेव्हा शरीर वापरतं तो वायू) मिळाला की ते गंजतं."

"आणि गंजताना?"

"त्यातून ऊर्जा बाहेर पडते. फाटकाची कडी गंजते तेव्हा ती इतकी हळू निघते की कळतच नाही. बॅटरीत तीच ऊर्जा वीज होऊन तारेत येते. दुपारी उलटं होतं. सौर पॅनेलची जास्तीची वीज गंजातला प्राणवायू काढून टाकते आणि गंजाचं पुन्हा लोखंड होतं. म्हणजे बॅटरी भरली."

"काटा म्हणतो ती भरली आहे."

"मग लोखंड तयार आहे. आता हवी फक्त हवा."

"समुद्रावर हवेला काय तोटा?"

"बाहेर आहे. पण आत जातेय का?"

दोघं बॅटरीघराच्या मागे गेले. तिथल्या बारीक जाळ्यांमधून हवा आत जायची. जुईने एका जाळीवर बोट फिरवलं. बोट तेलकट झालं. खोबरेलाचा वास आला. जाळीच्या कोपऱ्यात हळदकुंकूही होतं.

बॅटरीघराची देखभाल करणारे पांडू नाखवा पुढे आले. "मीच लावलं चार वाजता. आज खंडेनवमी. होडीचं इंजिन, कोयती, नांगर, सगळं घासून तेल लावून पुजलं. मग हिलाच कसं वगळू? खाऱ्या वाऱ्यात जाळी गंजेल, म्हणून जरा जास्तच लावलं."

"नाखवा, तेलाने जाळीची भोकं बुजली," जुई म्हणाली. "आत हवाच जात नाही. आणि या बॅटरीचं तर कामच गंजायचं आहे."

नाखवांनी डोक्यावरची टोपी काढली. "साठ वर्षं गंजाशी भांडलो मी. आता त्यालाच पोसायचं म्हणतेस?"

आजोबांनी जाळ्या उतरवल्या. नाखवांनी हाक मारली आणि अख्खी आळी आली. कोणी गरम पाणी आणलं, कोणी साबण. धुतलेल्या जाळ्या बायकांनी सुपांनी वारा घालून वाळवल्या. जुईने हे सगळं सरपंचांना सांगितलं. चूक कुणाची आणि का झाली, तेही लपवलं नाही.

जाळ्या परत बसल्या. काही मिनिटं काहीच झालं नाही. मग बॅटरीघरातला दिवा लागला, मग आळीतले, मग धक्क्यावरचे. होड्या चार्ज होऊ लागल्या.

"शहरातून माणूस नाही बोलावलात?" अनंतरावांनी विचारलं.

"कशाला?" आजोबा म्हणाले. "बॅटरी आमची आहे. कशी चालते ते इथल्या पोरांनाही माहीत आहे."

अनंतराव जाळीजवळ गेले. आत जाणाऱ्या हवेचा बारीक आवाज येत होता. ते बराच वेळ ऐकत उभे राहिले.

"मला भीती आगीची नव्हती, पोरी," ते म्हणाले. "बंद पडली तर कोण बघणार, याची होती. आमच्या ग्रामसभेत येऊन सांगशील? माणसं फार प्रश्न विचारतात आमच्याकडची."

"विचारू देत," जुई म्हणाली. "रविवारी येऊ?"

"ये. नाखवांनाही आण."

नाखवांनी टोपी पुन्हा डोक्यावर घातली. बाकीचे सहा सरपंचही खुर्च्यांवरून उठून जाळीपाशी आले.