तिसरी पट्टी

"अहो, घाबरू नका. मी शालन, तुमची बायको!" शालनताईंनी नवऱ्याला पुन्हा सांगितलं आणि त्या मटकन खाली बसल्या. शंकररावांनी त्यांना परक्या पाहुणीला करावा तसा नमस्कार केला. काय म्हणावं या कर्माला! सांगून सांगून जीव अगदी विटून गेला होता.

स्मरणक म्हणजे कानामागचं बटण आणि कपाटावरचा डबा. समोर कोण आहे, काय घडून गेलं, ते तो विसरणाऱ्या माणसाच्या कानात सांगायचा. मिरजेत आता घरोघरी तो दिसे. यांचा मात्र हल्ली येता-जाता बंद पडे.

दुरुस्तीला आलेल्या रेश्मानं डबा उघडला. "काकू, आत हळदकुंकू?"

"खंडेनवमीला पूजा केली गं. एवढं करतो बिचारा आपल्यासाठी."

रेश्मानं हसत मेमरीच्या पट्ट्या काढल्या, त्यांच्या सोनेरी कडा खोडरबरनं घासल्या. तरी डबा बंद पडलाच. मग तिनं एकेक पट्टी लावून तपासली. तिसरी लावली की गाडी अडायची, तीही नेमकी एकाच जागी.

"वीज गेली तरी यातलं पुसलं जात नाही, आठवणी इथंच राहतात. पण यातले थोडे रकाने मेलेत. ते वाचायला गेला की डबा बंद पडतो. ते बंद केले की तो तिकडे फिरकणारच नाही. फक्त त्यातलं जाईल. कंपनीकडे नक्कल असेलच ना?"

"घरातलं बाहेर कशाला, म्हणून नाही ठेवली. काय आहे त्यात?"

रेश्मानं हातातल्या पडद्यावरचं नाव वाचलं आणि तिचा आवाज उतरला. "मंदार. अपघाताचा दिवस. तुम्ही परत सांगितलंत तर नव्या जागी नोंद होईल, काकू."

लेकाचं जाणं त्यांनी यांना एकदाच सांगितलं होतं. ते रडणं त्यांना पुन्हा बघायचं नव्हतं.

"बंद कर," त्या म्हणाल्या.

रेश्मा गेली. डबा व्यवस्थित चालू लागला. शंकररावांनी मान वर केली.

"शालन, अशी काय बसलीस? चहा टाक. मंदारचाही टाक हं, येईलच तो इतक्यात."

किती दिवसांनी हसले होते ते! शालनताईंनी आधण ठेवलं. कप काढायला हात फडताळाकडे गेला आणि तिथंच थांबला. दोन काढायचे, की तीन?