फाटकापाशी बसलेला माणूस

टेक्सासमधल्या अर्विंगच्या इंडियन ग्रोसरीबाहेर नीला तांदळाची पिशवी उराशी धरून पावसात अडकली होती, तेव्हा एक खटारा पिकअप ट्रक तिच्यापुढे येऊन थांबला.

"मी यतीन. तुमच्याच ऑफिसात, तिसऱ्या मजल्यावर. ड्रॉप करू?"

"करा... पण हे काय लावलंय?"

"कॅसेट अडकलीय. ज्या टेक्सन आजोबांकडून ट्रक घेतला, त्यांची. चाळीस वर्षांपूर्वीचं कंट्री साँग आहे म्हणे."

गाण्यातल्या माणसाला सोडून त्याची प्रेयसी दूर निघून जाते आणि तो फाटकापाशी तिची वाट बघत बसतो. शेवटचं कडवं सुरू होतं न होतं, तोच टेप खरखरून बंद पडला.

"मग... ती परत येते का?" नीलानं विचारलं.

"काय माहीत! मी म्हणतो, नाही येत."

"काहीतरीच! येणारच."

झालं, दुसऱ्या दिवसापासून दोघांचा कारपूल सुरू झाला. हा पुण्याचा, ती नागपूरची. शब्द खाली पडू देतील तर शपथ! २००४चं अख्खं वर्ष रोज वीस मिनिटं हेच भांडण चाललं. भांडता भांडता ती डब्यात त्याच्यासाठी दोन पोळ्या जास्तीच्या आणू लागली. तिच्या बाजूची खिडकी गळते म्हणून तो सीटवर कोरडा टॉवेल ठेवू लागला. जीव कधीच जडला होता, पण बोलायचं कुणी?

आणि तिचा प्रोजेक्ट संपला. पुढचा थेट शिकागोजवळ, शॉमबर्गला.

यतीन तिला एअरपोर्टवर सोडायला निघाला. गाणं नेहमीसारखं शेवटच्या कडव्यापाशी थांबलं.

"नीला... मला शेवट माहितीये," तो एकदम म्हणाला. "तो ट्रक काढतो आणि तिच्यामागे जातो."

मार्चमध्येच नीलानं इंटरनेटवर गाण्याचे शब्द शोधले होते. भांडण संपेल, या भीतीनं ती बोलली नव्हती.

"थापा! ती येत नाही, यतीन. आणि तो म्हातारा होईपर्यंत फाटकापाशीच बसून राहतो."

त्याच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. "तुला... माहीत होतं?"

"तुलाही होतंच की. मग खोटं का सांगितलंस?"

"कारण मला तसं बसून राहायचं नाहीये, यार. तुझ्याशिवाय... नाही जमणार मला."

तिचे डोळे भरून आले. तिनं गिअरवरच्या त्याच्या हातावर हात ठेवला.

"पंधरा तासांचा रस्ता आहे. हा खटारा पोचेल?"

"पोचेल. एकच गाणं ऐकत."

"ये मग," ती हसून म्हणाली. "या खेपेला फाटकापाशी मी बसते."