भावसिंगची खुर्ची

नरसीच्या शिवारात हळद शिजत होती. चुलाणाभोवती बसलेल्या पोरांना मसाजी आबांनी मोबाईल खिशात घालायला लावले. "ऐकायचं तर नीट ऐका. मी तवा हिंगोलीला एका बियाणे संस्थेत वॉचमन होतो, अन् भागवत तिथला कम्प्युटरवाला. त्याच्यासंगं घडलेलं हाय हे, पुढं त्यानंच मला सांगितलेलं."

ती रात्र सतरा सप्टेंबर दोन हजार एकची. वार सोमवार, सर्वपित्री अमावास्या. सकाळी मुक्तिदिनाचं झेंडावंदन आटोपून भागवत नांदेडला गेला आणि एक सीडी घेऊन संध्याकाळच्या एसटीने परतला. डेपोसमोर भजी खाल्ली, ऑफिस उघडलं. काम तसं साधंच. संस्थेच्या नव्या मशीनवर, ते चालवायला, कंपनीचंच युनिक्स नावाचं महागडं सॉफ्टवेअर होतं. पण हरभऱ्याच्या पिशव्यांची लेबलं काढणारा प्रोग्राम पर्ल नावाच्या भाषेत लिहिलेला, आणि त्या युनिक्सात पर्लच नव्हती. सीडीवर तिचा नुसता कच्चा माल. तो मशीनवर जुळवून भाषा उभी करायची होती.

सचिव बजरंगरावांनी फोनवर झापलं होतं. "सकाळी दहाला गाड्या लागतेत. लेबलं न्हाई निघाली तर तू बी भावसिंगसारखा घरी."

भावसिंग म्हणजे आधीचा कम्प्युटरवाला. तो प्रोग्राम त्याचाच. रात्री मशीनवर बाहेरची कामं करतो, अशी त्याची चहाडी भागवतनेच केली होती. धादांत खोटी. नोकरी हवी होती ना! भावसिंगला काढलं, आणि आठ दिवसांत आखाडा बाळापूरच्या रस्त्यावर तो ट्रकखाली गेला. भागवतने त्याचं नाव जुन्या मशीनवरून पुसलं. नव्यावर तर ते कधी चढलंच नाही. लाज वाटायला हवी होती, पण वाटली नाही.

"रातभर बसणार का रे?" गेटवर आबांनी विचारलं.

"व्हय आबा. नोकरीचा सवाल हाय."

पर्ल जुळवण्याआधी मशीन शंभरेक प्रश्न विचारतं. फाइली कुठं ठेवू, कम्पायलर कोणता वापरू. प्रत्येक प्रश्नापुढे कंसात त्याचं उत्तर तयारच असतं. पटलं तर नुसतं एंटर दाबायचं. जाणती माणसंही पहिले दहा-बारा प्रश्न वाचतात, पुढे हात आपोआप चालतो. भागवतचाही चालला. एंटर. एंटर. एंटर. डोळा घड्याळाकडे, जीव दहाच्या गाड्यांकडे.

एक वाजून दहा मिनिटांनी एक ओळ वर सरकली. अक्षरं इंग्रजी, बोली मात्र आपली.

"हितं आधी होता त्याला बोलवू का? [हो]"

एंटर दाबून झालं होतं.

कोणीतरी चेष्टा केली असेल, अशी त्याने मनाची समजूत घातली. पण सीडी तर त्याच्या डोळ्यांदेखत भरली होती. जुळणी सुरू झाली. मशीनचा पंखा घरघरत राहिला. अडीचला जुळणी तपासणाऱ्या चाचण्या लागल्या. प्रत्येक ओळीत आधी चाचणीचं नाव, पुढे टिंबं, शेवटी ओके.

ओके. ओके. ओके.

मग शेजारच्या टेबलावरचं जुनं टर्मिनल, म्हणजे जोडीचा पडदा आणि कीबोर्ड, उजळलं. त्याची वायर भागवतनेच काढून ठेवली होती. त्याच्या कीबोर्डच्या कळा हलू लागल्या. सावकाश. एका वेळी एक. भावसिंग एकाच बोटाने टाइप करायचा...

भागवतच्या पडद्यावर पुढची ओळ आली. चाचणीच्या जागी त्याचंच नाव होतं.

भागवत..........

ओके येईना. टिंबं वाढत होती. थांबवायची कळ दाबली... काही नाही. दार ओढलं... हललं नाही. दर टिंबाला छाती आवळत होती. श्वास पुरेना.

"भावसिंग... खोटं बोललो मी... चुकलं..."

शेजारच्या कळा थांबल्या.

"जागा सोडतो का? [हो]"

हा प्रश्न त्याने वाचला. अक्षर न् अक्षर वाचलं. 'नाही' टाइप केलं... काहीच उमटलं नाही. परत केलं... टिंबं पुन्हा चालू झाली.

.....

त्याने एंटर दाबलं.

ओके.

पहाटे साडेचारला भागवत गेटवर आला. चेहरा पांढराफटक. ऑफिसच्या किल्ल्या त्याने आबांच्या हातात ठेवल्या.

"काहून रे? काम झालं न्हाई का?"

"झालं, आबा. म्या न्हाई केलं."

तो गेला. परत त्या ऑफिसची पायरी चढला नाही. दहाला गाड्या लागल्या आणि सगळी लेबलं निघाली, एकही चूक नाही. बजरंगरावांनी नांदेडहून दुसरा माणूस बोलावला. पर्ल उभी राहताना ती उभी करणाऱ्याचं नाव आणि वेळ आपल्यातच नोंदवून ठेवते. त्या माणसाने ती नोंद छापून काढली आणि कागद टेबलावरच टाकून चहाला निघून गेला.

तो कागद आबांनी उचलला होता. आता बंडीच्या खिशातून त्यांनी त्याची पिवळी पडलेली घडी काढली आणि चुलाणाच्या उजेडात उलगडून धरली. पोरं वाकली. अठरा सप्टेंबर दोन हजार एक, रात्रीचे दोन चाळीस. आणि उभी करणाऱ्याचं नाव, भावसिंग.