रक्तातले राखणदार

नेहमीसारखं तपासणीचं रक्त द्यायला म्हणून गेलो होतो. तासाभरात येतो, येताना दुरुस्तीला टाकलेल्या चपलाही आणतो, असं बायकोला सांगून निघालो. धाकट्या भावाची किडनी माझ्या पोटात बसवून तेव्हा फार दिवस झाले नव्हते. ऑपरेशनच्या सकाळी पठ्ठ्या हसत म्हणाला होता, "दादा, बघ हं! भटाला दिली ओसरी, भट हातपाय पसरी!"

"पसर की," मी म्हटलं होतं. "तुझंच घर आहे."

रिपोर्ट पाहून डॉक्टरीणबाईंनी मला घरी सोडलंच नाही. "तुमच्या रक्तात अँटिबॉडी तयार झाल्यात," त्या म्हणाल्या. "शरीराचे राखणदारच म्हणा. परकं कोण ते एकदा ओळखलं की विसरत नाहीत. आता भावाच्या किडनीवर उठल्यात."

मला काचेच्या खोलीत ठेवलं. संसर्ग नको म्हणून दार फक्त बाहेरून उघडायचं. खिडकी नाही, आरसा नाही. फिनेलचा वास आणि छतातून येणाऱ्या हवेची एकसारखी घरघर. काचेपलीकडून बायको फोनवर विचारायची, "अहो, जेवलात का?" तेवढं ऐकायला मी दिवसभर काचेकडे डोळे लावून बसायचो. मला तिच्याबरोबर घरी जायचं होतं, बाकी काही नको होतं.

मशीनने रक्त गाळून अँटिबॉडी काढायला सुरुवात झाली. किडनी ठणठणीत झाली. ढासळायला लागलो तो मीच. आधी बोटं बधिर झाली, मग सांधे सुजले, अंगावर निळे डाग उमटले. जीभ तर दुसऱ्या कुणाची असावी तशी तोंडात जड होऊन पडायची.

एका दुपारी डॉक्टरीणबाई आत आल्या. मास्कच्या वर त्यांचे डोळे नीट माझ्याकडे बघत नव्हते.

"भावाच्या पेशी तुमच्या रक्तद्रवात टाकून पाहिल्या. एकही मेली नाही."

"मग चांगलंच की!"

"नंतर तुमच्याच पेशी टाकल्या... सगळ्या मेल्या."

"नमुने बदलले असतील."

"मलाही तेच वाटलं. म्हणून दुसऱ्यांदा रक्त मी स्वतः काढलं होतं..."

त्या गेल्या. दार लागलं. राखणदार परत आले होते. त्यांनी घराचा मालक तेवढा बदलला होता. खोलीतून एक वेळ माणूस पळेल, पण स्वतःच्या अंगातून पळून जाणार कुठे?

संध्याकाळी बायको आली. हातात माझा धुतलेला शर्ट होता. तिने फोन उचलला, माझ्याकडे पाहिलं आणि पाहुण्यासमोर राहावं तशी जरा सावरून उभी राहिली.

"भाऊजी, तुम्ही आत कसे? हे... हे कुठे आहेत?"

अगं, मीच आहे! मी जीव खाऊन ओरडलो. ओठ हलले. घसा माझाच होता, पण आवाज निघाला तो शांत, हसरा.

"वहिनी, दादाला आत्ताच तपासणीला नेलं."

"बरं," ती म्हणाली. शर्ट तिने पुन्हा पिशवीत घातला आणि जिन्याकडे वळली. मी आतल्या आत मुठी आपटत होतो. काचेवरचा माझा हात मात्र सावकाश हलून तिला निरोप देत होता.